लाल उजवा, निळा डावा

बुरुलने आठ वर्षांत हजारो माणसांचे कान कागदावर उतरवले होते, पण सासऱ्यांचं नाव काही तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. लिहायला हरकत नव्हती, उच्चारायला होती. सुनेने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्यापुढे आवाज चढवायचा नाही, त्यांच्याकडे पाठ करून खोलीबाहेर पडायचं नाही, आणि त्यांच्या डोक्याला किंवा डोक्यावरच्या पांढऱ्या उंच काल्पाक टोपीला हात लावायचा नाही. बुरुलला या सगळ्याचा कधी काच वाटला नाही. सासरे माणूस लाखात एक. सुनेने दिलेला चहा कोमट झाला असला तरी मुकाट पिणारे.

दवाखान्यात तिच्या हाताखाली काम करणारी आयचुरोक तिला एजे, म्हणजे ताई म्हणायची, पण तिची मनसोक्त खेचायची. "एजे, उद्या तुमचे सासरे कान दाखवायला आले तर बाहेर येऊन काय पुकाराल हो? ज्यांचं नाव घेत नाहीत ते आत या, असं?"

सप्टेंबरात सासरे खरोखरच आले. आयचुरोक नेमकी रजेवर होती. बुरुलने दार उघडलं, जमिनीकडे बघितलं आणि "पुढचे या," एवढंच म्हणाली. बाकावर सासरे एकटेच बसले होते, त्यामुळे घोटाळा झाला नाही.

मुकाम्बेत (आपण नाव घ्यायला हरकत नाही, आपण काही त्यांची सून नाही) मधमाश्या पाळायचे. उन्हाळ्यात साठ पेट्या घेऊन वर कुरणात जायचे आणि गवत पिवळं पडलं की खाली उतरायचे. पेटीतल्या माश्या उडून जाण्याच्या बेतात असल्या की आधी दोन-तीन दिवस आतली नवी राणी बारीक आवाजात पिपाणी वाजवते. संध्याकाळी पेट्यांमधून फिरताना मुकाम्बेतना तो आवाज बरोबर ऐकू यायचा आणि ते वेळीच पेटी उघडून निम्म्या माश्यांना नवं घर द्यायचे. सगळ्या खोऱ्यात त्यांचं त्याबद्दल नाव होतं. यंदा मात्र तीन पेट्या बघता बघता रिकाम्या झाल्या आणि त्यांना पत्ताच लागला नाही. तिसऱ्या वेळी ते बायकोला म्हणाले, "माश्या मुक्या झाल्यात यंदा."

"माश्या कशाला मुक्या होतायत," झूरा आपा म्हणाल्या. "तुम्ही बहिरे झालात. सून घरात कानाची जाणकार आहे, जा तिच्याकडे."

कान तपासायची खोली म्हणजे मोठ्या कपाटाएवढी बंद पेटी, आतून जाड कापड लावलेली. आत एक खुर्ची. ती काचेकडे पाठ करून ठेवलेली, कारण बुरुलची बोटं दिसली की लोक आवाज न ऐकताच बटण दाबून मोकळे होतात. आपला कान चांगला आहे हे सिद्ध करायची माणसाला फार हौस. कानांवर लावायच्या हेडफोनची एक बाजू लाल, एक निळी. लाल ती उजव्या कानाला, निळी ती डाव्या. टोपी, चष्मा, कानातलं काढून ठेवायचं आणि हेडफोन तपासणारीने स्वतःच्या हाताने लावायचे, हा पहिला नियम. बुरुलने तो आयचुरोककडून पन्नासदा घोकून घेतला होता.

त्या दिवशी तिने हेडफोन दोन्ही हातांवर धरले आणि चहाचा प्याला पुढे करावा तसे, मान खाली घालून, सासऱ्यांपुढे केले.

"लाल उजव्या कानाला, अताके," ती हळूच म्हणाली.

हळूच, कारण सासऱ्यांशी हळूच बोलायचं असतं. ऐकू येत नाही म्हणून आलेल्या माणसाला आपण सूचना कुजबुजून देतोय, हे तेव्हा तिच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी मान हलवली, काल्पाक न काढता जरा मागे सरकवला, त्याच्या काठाखाली हेडफोन कोंबले आणि पाठ फिरवून बसले. मागून रंग दिसत नव्हता. आत जाऊन, वाकून बघायला हवं होतं. ती गेली नाही.

मग तिने नेहमीसारखं एक-एक आवाज सोडत कागद भरला. या कागदाची एक गंमत आहे. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक, इतपत कुणालाही कळतं. पण वरून खाली आकडे वाढत जातात आणि लोकांना वाटतं, मोठा आकडा म्हणजे कान हुशार, शाळेतल्या गुणांसारखं. उलटं आहे. कुजबूजही ऐकणाऱ्या कानाची रेघ वर कागदाच्या माथ्याशी राहते, आणि आवाज जितका मोठा करावा लागतो तितकी ती खाली उतरते. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. बुरुलकडे त्यासाठी एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी एकच पेन्सिल होती. ती तिने कधी दुसऱ्या कुणाला वापरू दिली नाही.

सासऱ्यांचे लाल गोल तिसाच्या आसपास थांबले. निळ्या फुल्या थेट साठावर उतरल्या. कानामागच्या हाडाला लावायची चकतीही त्यांनीच लावली. त्या तपासणीत दोन्ही कान सारखेच आणि चांगले निघाले. म्हणजे आतली नस शाबूत होती, बिघाड अलीकडे होता.

ऑक्टोबरात बिश्केकहून डॉक्टर ओस्मोनोवा चार दिवसांसाठी आल्या. अशा डोंगरातल्या दवाखान्यात कानाची शस्त्रक्रिया करणारं माणूस वर्षातून एकदा यायचं. सगळ्या रोग्यांचे कागद बुरुलच्याच हातचे, कारण यंत्र एकच. सासऱ्यांचा कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानात आत तांदळाच्या दाण्याहून लहान हाड असतं, ते जखडलंय. ते काढून तिथे बारीक तार बसवायची. दोन्ही कानांत तेच झालंय, पण एका वेळी एकच कान करायचा, आणि तोही जास्त खराब असलेला.

"चांगल्याला हात लावायचा नाही," त्या बुरुलला म्हणाल्या. "शंभरात एखाद्याचा कान यात कायमचा जातो. गेला तर वाईट गेलेला बरा."

त्यांनी लोखंडी दुशिंगी चिमटा वाजवून सासऱ्यांच्या कपाळाला टेकवला आणि मोठ्याने विचारलं, "कुठल्या कानात घुमतंय?"

"सगळीकडे," सासरे म्हणाले.

"बरं, तुम्हाला स्वतःला कुठला कान जास्त खराब वाटतो?"

सासऱ्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या बुरुलकडे एकदा बघितलं. "कागद काय म्हणतो?"

"कागद म्हणतो डावा."

"मग डावाच."

"सगळेच रोगी असे शहाणे मिळाले असते तर!" डॉक्टरीणबाई हसल्या, आणि बुरुलला तेव्हा, खोटं कशाला बोला, मूठभर मांस चढलं.

शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी आठला ठरली. बुधवारी दुपारी नातेवाईक भेटायला आले. अकरा माणसं, जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर मध, साय, जर्दाळूचा मुरंबा आणि तळलेल्या बोरसोकचा ढीग. घरचेच असले म्हणजे चहाचं पाणी तापवायचा समोवर भिंतीतल्या बटणाजवळ, सासऱ्यांच्या डाव्या हाताला असायचा आणि बुरुल त्याच्याशी बसून चहा ओतायची. नऊ वर्षं तिची तीच जागा. आज त्या जागी नवऱ्याची आत्या ऐसपैस बसली, लांब वायर लावून समोवर पलीकडे नेला गेला, आणि बुरुल सासऱ्यांच्या उजव्या हाताला आली.

"अताके, अजून चहा?" तिने विचारलं.

सासरे बोरसोक मधात बुडवत राहिले.

"अताके, चहा ओतू?"

काही नाही. त्यांनी बोटाला लागलेला मध चाटला.

"अगं सुने, माझ्या भावाला चहा तरी पाज," आत्या ओरडली. "उद्या डॉक्टर उपाशी ठेवणार, आज तू ठेवतेस!"

सगळे हसले. "ती बिचारी कधीची विचारतेय," झूरा आपा म्हणाल्या. "यांनाच ऐकायचं नसतं. मध दिसला की माणूस कामातून गेला."

तेव्हा सासऱ्यांनी अंगासकट मान पूर्ण वळवली, इतकी की त्यांचा डावा कान बुरुलच्या समोर आला. "काय म्हणालीस, पोरी?"

बुरुलने प्याला भरला, मोठ्यांना भरतात तसा अर्धाच. तो पुढे करताना तिला कागद आठवला. उजवा कान तिसावर होता. तिने स्वतः लिहिलं होतं. हाताच्या अंतरावर बोललेलं तिसावरच्या कानाला ऐकू यायलाच हवं.

घरात गलका आहे म्हणून नसेल आलं, असं तिने स्वतःला समजावलं. मग मुरंब्याची बशी उचलली, सगळ्यांच्या मागून वळसा घालून सासऱ्यांच्या डाव्या बाजूला गेली, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "अताके, मुरंबा ठेवू इथे?"

"नको पोरी, मध आहे की," सासरे तात्काळ म्हणाले. मान वळवलीसुद्धा नाही.

बुरुल बशी हातात धरूनच उभी राहिली. साठावर गेलेल्या कानाला तिचा असा आवाज पोचणं शक्यच नव्हतं. तिथे शेजारी बसून ओरडावं लागतं. आणि ती तर नऊ वर्षं त्याच बाजूला बसून हलक्या आवाजात चहा विचारत होती, आणि नऊ वर्षं त्यांचं उत्तर येत होतं. ज्या कानाशी रोज बोलतो तोच कान आपण कागदावर बहिरा दाखवला! तिला हेडफोन आठवले, आपल्या दोन्ही तळहातांवर ठेवून पुढे केलेले. त्यांनी ते घेतले कसे, फिरवले कसे, हे आठवेना. तिने बघितलंच नव्हतं. ती जमिनीकडे बघत होती.

"आपा, मला दवाखान्यात जायला हवं," ती सासूच्या कानाशी म्हणाली.

"आत्ता? घर माणसांनी भरलंय!"

"एक कागद राहिलाय."

आपांच्या उत्तराची वाट न बघता ती निघाली. सगळ्यांकडे पाठ करून सरळ चालत दाराबाहेर पडली, हे तिला रस्त्यावर आल्यावर कळलं. आत्याच्या नजरेतून ते सुटलं नसणार, पण आत्ता आत्या गेली उडत.

शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारावर उद्याची यादी लावली होती. पहिलंच नाव: मुकाम्बेत जोल्दोशेव, आणि पुढे स्वच्छ अक्षरात, डावा. आत डॉक्टरीणबाईंचं काम चालू होतं. "सहाच्या आत त्या बाहेर येणार नाहीत आणि मी आत निरोप नेणार नाही," दारावरची नर्स म्हणाली. "मागच्या वेळी नेला होता, त्यांनी माझी सालटी काढली."

बुरुल आपल्या खोलीत गेली आणि फाईल उघडून बसली. किती सुबक कागद होता तो. गोल गोलासारखे, फुल्या फुल्यांसारख्या, रेघा पट्टीने ओढलेल्या. चूक इतकी नीटनेटकी असू शकते, याचाच तिला संताप आला. साडेतीन वाजले होते.

पावणेचारला तिच्या मनात पाप आलं. कोरा कागद काढायचा, लाल गोल साठावर, निळ्या फुल्या तिसावर, दोन मिनिटांचं काम. जुना कागद फाडून टाकायचा. कुणाला कशाला कळतंय? नोकरी राहील, अब्रू राहील, सासऱ्यांचा कान राहील. तिने कागद घेतलाही. पेन्सिलीचं लाल टोक पहिल्या चौकटीवर टेकवलंही.

आणि तिथेच तिचा हात थबकला. हेडफोन बरोबरच लावलेले असले तर? आज ते खरंच मधात गुंग असले, किंवा गलक्यामुळे एका बाजूचं त्यांना कळलं नसलं तर? मग हा नवा कागद खोटा, आणि ती आपल्या हाताने चांगला कान सुरीखाली देणार. तिला काहीच माहीत नव्हतं. कागदावर लिहिलेलं एवढंच तिला माहीत होतं, आणि तेच आता खात्रीचं राहिलं नव्हतं. तिने पेन्सिल खणात टाकून खण लावून घेतला. मग उठून दारापाशी गेली, परत आली, पाणी प्यायली. उन्हाळ्यात वर कुरणात सासरे पेटीपाशी उकिडवे बसून ऐकत असतात, ते तिला दिसायला लागलं. तो एक कान गेला तर माश्याच काय, नातवंडंही त्यांना मुकी होणार होती. तिला रडू आलं, पण रडत बसायला तिच्याकडे तोंड नव्हतं.

सव्वासहाला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, चष्म्याचे वळ गालांवर घेऊन. बुरुलने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. हेडफोन हातात दिले ते, काल्पाक काढायला लावला नाही ते, आज चहाच्या वेळचं. कोरा कागद काढला होता, तेही सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातातली फाईल घेतली आणि तो सुबक कागद नीट बघितला. त्यांनाही सासर होतं बहुधा.

"माझी सासू जिवंत असेपर्यंत मीही सासऱ्यांपुढे डोक्यावरचा रुमाल काढला नाही," त्या म्हणाल्या. "पण दवाखान्यात सून नसते गं. इथे तू तपासणारी आणि ते रोगी. उद्या सकाळी सातला त्यांना आण. पुन्हा तपास. जे निघेल ते मी मानेन."

"आयचुरोकला बोलावू का? ती हेडफोन लावेल, म्हणजे..."

"नाही. सही तुझी आहे, तर हातही तुझेच."

घरी पोचल्यावर सासरे अंगणात पेट्यांवर गवताच्या चटया बांधत होते. उद्या सातलाच निघायचं आणि पुन्हा एकदा कान तपासायचा, हे तिने त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून सांगितलं.

"का गं?"

"यंत्र बघायचंय नीट चालतं का," ती म्हणाली. हेही खोटंच.

सासऱ्यांनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं आणि पुन्हा चटई बांधायला लागले. "चालत असेल," ते म्हणाले. रात्रभर बुरुलच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी सात वाजता तिने आधी हेडफोन स्वतःच्या कानांना लावून बघितले. लालमधून उजवीकडे, निळ्यामधून डावीकडे. यंत्र ठीक होतं. सासरे आत खुर्चीवर बसले आणि सवयीने हात पुढे केला.

तिने हेडफोन दिले नाहीत. खांद्याला अडकवले आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "अताके, काल्पाक काढते तुमचा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

सासऱ्यांचा हात हवेतच राहिला. बुरुलने दोन्ही हातांनी काल्पाक उचलला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. नऊ वर्षांत तिने हे डोकं उघडं बघितलं नव्हतं. केवढंसं होतं ते. विरळ पांढरे केस घामाने चिकटलेले, आणि कानामागे कधीच्या काळी माशी चावल्याची बारीक गाठ. तिने केस कानांवरून मागे सारले, लाल चकती उजव्या कानावर, निळी डाव्यावर बसवली, दोनदा बघितली, मग समोर येऊन तिसऱ्यांदा बघितली, आणि बाहेर जाऊन दार लावलं.

आधी उजवा. तिने विसावर आवाज सोडला. बटण नाही. तीस. बटण नाही. याच तिसावर त्या दिवशी त्यांनी बटण दाबलं होतं. चाळीस. पन्नास. साठावर दिवा लागला.

तिने टेबल घट्ट धरलं. दुसरा आवाज, साठ. तिसरा, पंचावन्न. लाल गोल खाली-खाली मांडत जाताना तिला एकाच वेळी सुटल्यासारखं आणि बुडाल्यासारखं वाटत होतं. मग डावा. तिसावर दिवा. पुन्हा तीस. पुन्हा तीस. निळ्या फुल्या वर ओळीने उभ्या राहिल्या. शस्त्रक्रियेला तासभरही उरला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले. रेघा त्याच होत्या, रंग बदलले होते. त्यांनी यादीवरचा 'डावा' खोडला, 'उजवा' लिहिलं, सही केली. "झालेलं सगळं लेखी दे," त्या म्हणाल्या. "नोकरीचं मोठे साहेब ठरवतील. आणि दारावर लिहून लाव, हेडफोन कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत. खानाच्यासुद्धा." मग त्या हात धुवायला गेल्या.

बुरुल परत आली तेव्हा सासरे तसेच, बोडक्या डोक्याने, खुर्चीवर बसले होते. ती त्यांच्या डाव्या बाजूला खाली बसली.

"अताके, मी चुकले होते. तुमचा डावा कान चांगला आहे. आज उजवा करणार आहेत."

"हां," सासरे म्हणाले. "तेच बरं."

त्या 'हां'मध्ये आश्चर्य नव्हतं. बुरुलने मान वर केली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझा कान कुठला बरा ते मला नाही कळणार, पोरी? फोन कुठल्या कानाला लावतो मी?"

"मग त्यांनी तोंडावर विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

सासरे ओशाळल्यासारखे हसले. "तू लिहिलेलं होतंस ना. बिश्केकच्या एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंपुढे माझी सून चुकली, असं मी सांगायचं? तुझी किंमत काय राहिली असती?" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी घाईने समजूत घातली. "अगं, त्यात घाबरण्यासारखं काय? मी पेटी उघडतो, आत बघतो, राणी ठणठणीत असली की झाकण लावून टाकतो. म्हटलं, तेही उघडतील, बघतील, बंद करतील."

बुरुल उठून उभी राहिली. कालपासून आत कोंडलेलं सगळं एकदम वर आलं.

"पेटी?" ती किंचाळली. "कान म्हणजे काय माश्यांची पेटी आहे का? तो कान गेला असता! कायमचा! मग काय करणार होता तुम्ही? माझ्या अब्रूचं लोणचं घालून खाणार होता? बोलायचं नाही का माणसाने? तोंड कशाला दिलंय? पुन्हा असं कधी केलंत ना, मुकाम्बेत जोल्दोशेव, तर बघा!"

बाहेर बाकावरची माणसं गप्प झाली. कुणाच्या तरी हातातला कागद खाली पडला, तोही ऐकू आला. बुरुलने दोन्ही हात तोंडावर दाबले. पण नाव निघून गेलं होतं, आख्खं, आडनावासकट, भर दवाखान्यात.

सासऱ्यांनी उजव्या कानावरून सावकाश हात फिरवला.

"हे मात्र," ते म्हणाले, "याही कानाने ऐकू आलं, पोरी."